ओबामांना नोबेल नक्की कशाचं मिळालं? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

२०२५ चं शांततेचं नोबेल व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना माचादो यांना गेलं, ट्रम्प यांना नाही मिळालं, आणि तेव्हापासून या सदराकडे पत्रं आणि मेल येतायत. गंमत अशी की माचादो बाईंबद्दल एकही नाही, ट्रम्पबद्दल थोडी, आणि बाकी सगळी ओबामांबद्दल! २००९ ची गोष्ट आहे ती, पण लोक सोडायला तयार नाहीत. म्हणून यावेळचं सदर सगळं त्याच विषयाला दिलंय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून फक्त गावं देतोय.

प्रश्न (सांगली) : रविवारी नाश्त्याला मेव्हणे येतात आणि पोहे संपेपर्यंत राजकारण चालतं. यावेळी म्हणाले ट्रम्पला नोबेल द्यायला पाहिजे होतं. मी म्हटलं, कशाबद्दल? तर म्हणाले, मग ओबामाला कशाबद्दल दिलं होतं ते आधी सांग. मला काही सांगता येईना. खरंच कशाबद्दल दिलं होतं हो?

प्रश्न खवचट आहे पण मेव्हण्यांनी बरोबर ठिकाणी चिमटा काढलाय. ९ ऑक्टोबर २००९ ला ऑस्लोत नोबेल समितीचे अध्यक्ष थोरब्योर्न यागलांड यांनी नाव वाचलं तेव्हा समोर बसलेल्या पत्रकारांच्याही भुवया वर गेल्या होत्या. समितीचं म्हणणं काय, तर आंतरराष्ट्रीय मुत्सद्देगिरी आणि लोकालोकांमधलं सहकार्य बळकट करायला ओबामांनी असाधारण प्रयत्न केले, आणि अण्वस्त्रं नसलेल्या जगाची जी कल्पना त्यांनी मांडली तिला समितीनं खास महत्त्व दिलं.

आता हे प्रयत्न कुठले ते बघा. ५ एप्रिलला प्रागमध्ये अण्वस्त्रमुक्त जगाचं भाषण, ४ जूनला कैरो विद्यापीठात मुस्लिम जगाशी नव्यानं सुरुवात करू असं भाषण, २४ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेची बैठक स्वतः अध्यक्षपदी बसून चालवली आणि अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध ठराव करून घेतला, त्याआधी आठवडाभर पोलंड आणि चेक प्रजासत्ताकात क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायची बुश यांची योजना गुंडाळली. जानेवारीत आल्या आल्या कैद्यांचा छळ करून चौकशी करायला बंदी घातली आणि ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करतो म्हणून आदेशावर सही केली. यादी वाईट नाहीये, कुठल्याही नव्या राष्ट्राध्यक्षाला पहिल्या नऊ महिन्यांत एवढं जमलं तर लोक बरं म्हणतील. पण यात झालेलं काम थोडं आणि होणार असलेलं जास्त. प्रागच्या भाषणात तर ते स्वतःच म्हणाले होते की हे कदाचित माझ्या हयातीत होणार नाही!

खरं कारण मला विचाराल तर बुश. २००३ च्या इराक युद्धानं युरोपातली माणसं इतकी वैतागली होती की नवा माणूस आला, नीट बोलतोय, संयुक्त राष्ट्रांना मान देतोय, एवढ्यानंच त्यांना हायसं वाटलं. बुश गेले याचं बक्षीस ओबामांना मिळालं असं तेव्हा बोललं जायचं आणि मला ते आजही पटतं.

आणि खुद्द ओबामा काय म्हणतात? ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टीफन कोल्बेअरच्या टीव्ही शोमध्ये नोकरीच्या खोट्या इंटरव्ह्यूचा एक विनोदी प्रसंग केला होता, त्यात त्यांना विचारलं, नोबेल कशाबद्दल मिळालं? तर उत्तर होतं, खरं सांगायचं तर मला अजून माहीत नाही. त्यामुळे तुम्हाला सांगता आलं नाही यात काही लाजायचं कारण नाही.

मेव्हण्यांना मात्र एवढं जरूर सांगा की एकाला घाईत दिलं म्हणून दुसऱ्यालाही द्या हा काही युक्तिवाद झाला नाही. शिवाय पाकिस्ताननं ट्रम्प यांचं नाव सुचवतो म्हणून जाहीर केलं ते जून २०२५ मध्ये आणि इस्रायलच्या नेतन्याहूंनी पत्र हातात दिलं ते जुलैमध्ये, आणि त्या वर्षीची मुदत ३१ जानेवारीलाच संपली होती. म्हणजे ही दोन्ही पत्रं २०२५ साठी उपयोगाचीच नव्हती.

प्रश्न (नांदेड) : आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय, ओबामा खुर्चीवर बसून १२ दिवस झाले होते तेव्हाच नोबेल ठरलं म्हणून. हे खरं का?

अर्धं खरं. ओबामांनी शपथ घेतली २० जानेवारी २००९ ला आणि नावं पाठवायची मुदत होती १ फेब्रुवारी, म्हणजे मुदत संपली तेव्हा १२ दिवस झाले होते हे बरोबर. पण मुदत संपणं वेगळं आणि निर्णय होणं वेगळं. मुदतीनंतर समिती पहिल्यांदा बसते तेव्हा सदस्य स्वतः नावं घालू शकतात, मग छोटी यादी होते, सल्लागार अहवाल लिहितात, उन्हाळाभर हे चालतं आणि शेवटचा निर्णय सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्या वर्षी २०५ नावं आली होती, तोपर्यंतच्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त. ओबामांचं नाव कुणी सुचवलं ते ५० वर्षं गुप्त राहणार, त्यामुळे २०६० पर्यंत थांबा.

नाव सुचवणं म्हणजे काही फार मोठी गोष्ट असते असंही समजू नका. कुठल्याही देशाचा खासदार, मंत्री, इतिहास किंवा कायदा वगैरे विषयांचा प्राध्यापक, आधीचे विजेते, यातलं कुणीही नाव पाठवू शकतं. १९३९ मध्ये स्वीडनच्या एका खासदारानं हिटलरचं नाव पाठवलं होतं! उपरोध म्हणून पाठवलं होतं आणि नंतर मागेही घेतलं, पण कागदोपत्री हिटलर नोबेलला नॉमिनेटेड आहे. तेव्हा "अमक्याला नोबेलसाठी नामांकन" अशी बातमी आली की पेढे वाटायची घाई करू नका.

प्रश्न (पुणे) : निवृत्त प्राध्यापक आहे. मागच्या अंकात तुम्ही ओबामांचं नोबेल "अवेळी" होतं असं एका ओळीत उडवून लावलंत. लेक वालेसा, डेस्मंड टुटू, आँग सान सू ची, विली ब्रांट, यांच्यापैकी कुणाचं काम पूर्ण झालं होतं? शांततेचं नोबेल ही प्रमाणपत्र देणारी परीक्षा नाही, चालू कामाला बळ देणारी गोष्ट आहे. तुमचा निकष लावला तर निम्मी यादी कापावी लागेल.

सर, तुमचा मुद्दा या सगळ्या वादातला सगळ्यात ताकदीचा आहे, आणि यागलांड वगैरे मंडळींनीही साधारण हाच मांडला होता, त्यामुळे यावेळी एका ओळीत नाही उडवत.

आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादम मजुराला उचल देतो. काम पुढे व्हायचंय, पैसे आधी. ओबामांचं नोबेल ही अशी उचल होती. उचल देण्यात मुळात वाईट काही नाही, पण देणारा वसुली करू शकत असेल तर. ऑस्लोच्या समितीकडे वसुलीचं काहीच साधन नाही, एकदा दिलं की दिलं. मग प्रश्न उरतो की अशी उचल कुणाला द्यायची.

तुम्ही दिलेली नावं एकेक करून बघू. वालेसा यांना १९८३ मध्ये मिळालं तेव्हा पोलंडमध्ये त्यांच्या कामगार संघटनेवर बंदी होती, आपण बाहेर गेलो तर परत देशात घेणार नाहीत या भीतीनं ते गेलेच नाहीत, बायको दानुता गेली पदक घ्यायला. सू ची १९९१ मध्ये म्यानमारमध्ये नजरकैदेत. त्याही आधी जर्मन पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की, १९३५ चं नोबेल १९३६ मध्ये जाहीर झालं तेव्हा नाझींच्या कैदेत होता. टुटूंसमोर दक्षिण आफ्रिकेतलं वर्णभेदाचं अख्खं सरकार उभं होतं. या लोकांचं काम अपुरं होतं हे शंभर टक्के मान्य, पण त्यांच्या हातात सत्ताच नव्हती. नोबेल मिळाल्यामुळे त्यांच्याभोवती एक कवच तयार झालं, जगाचं लक्ष गेलं, सरकारला त्यांना हात लावताना दोनदा विचार करावा लागला. तिथे आधी दिलेलं बक्षीस खरोखर कामाला येतं.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला कसलं कवच हवंय? जगातलं सगळ्यात मोठं सैन्य त्याच्या हुकुमात. त्याला कुणी प्रोत्साहन द्यायची गरज नसते, त्याला फक्त ठरवायचं असतं. आणि तो ठरवतो ते सिनेट, पेंटागॉन आणि पुढची निवडणूक बघून, ऑस्लोतल्या पाच जणांकडे बघून नाही.

राहिले ब्रांट. ते सत्तेत होते हे खरं, १९७१ मध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सलर असतानाच मिळालं. पण त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये मॉस्कोशी करार झालेला, डिसेंबरमध्ये वॉर्साशी झालेला, आणि वॉर्साच्या ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे ते गुडघे टेकून बसले ते त्याच दिवशी. पोलंडची पश्चिम सीमा मान्य करणं म्हणजे जर्मन मतदारांच्या जुन्या जखमेवर हात ठेवणं होतं, राजकीय किंमत मोजावी लागली त्यांना. म्हणजे काम अपुरं असलं तरी सह्या झालेल्या होत्या. ओबामांची पहिली मोठी सही नोबेलनंतरची आहे.

म्हणून निकष मी तुमच्यापेक्षा फार वेगळा लावत नाहीये सर. तुरुंगातल्याला, आंदोलनातल्याला आधी द्या, खुशाल द्या. खुर्चीवर बसलेल्याला मात्र सही झाल्यावर द्या, आणि शक्यतो सही करून काही वर्षं उलटल्यावर. अमेरिकेचे माजी अध्यक्ष कार्टर यांना २००२ मध्ये मिळालं, पद सोडून २१ वर्षं झाल्यावर, त्यावर एवढी बोंब कुणी मारली नाही.

प्रश्न (सातारा) : सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालो. दोन लढाया चालू असताना सेनाप्रमुखाला शांततेचं बक्षीस, हे आम्हा फौजी लोकांना काही समजलं नाही. त्यावर ते काय बोलले होते?

सुभेदारसाहेब, तारखा ऐका आधी. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी अफगाणिस्तानात १७,००० जादा सैनिक पाठवायचं ठरवलं. १ डिसेंबरला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत उभं राहून आणखी ३०,००० पाठवतो म्हणून जाहीर केलं. आणि १० डिसेंबरला ऑस्लोत पदक घ्यायला हजर. मधे नऊ दिवस.

पण भाषण मात्र त्यांनी पळवाट काढून केलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. सुरुवातीलाच म्हणाले की या निर्णयावरून बराच वाद झालाय, मी माझ्या कामाच्या सुरुवातीला आहे शेवटाला नाही, आणि श्वाइट्झर, किंग, मार्शल, मंडेला अशा आधीच्या विजेत्यांपुढे माझं काम किरकोळ आहे. मग सरळ मुद्द्यावर आले की दोन युद्धं (इराक आणि अफगाणिस्तान) चालू असलेल्या देशाचा मी सरसेनापती आहे. त्यानंतर भाषणाचा मोठा भाग युद्ध न्याय्य कधी असतं यावर. हिटलरच्या फौजा अहिंसक चळवळीनं थांबल्या नसत्या, अल कायदाचे म्होरके वाटाघाटींनी शस्त्रं खाली ठेवणार नाहीत, अशी वाक्यं शांततेचं नोबेल घेताना बोलायला हिंमत लागते. गांधी आणि किंग यांच्या मार्गात दुबळं किंवा भाबडं काही नाही असंही म्हणाले, पण लगेच पुढे, देशाच्या रक्षणाची शपथ घेतलेला प्रमुख म्हणून मी फक्त त्यांच्या उदाहरणावर चालू शकत नाही.

म्हणजे ऑस्लोत गांधींना नमस्कार करून बाजूला ठेवलं. आणि ११ महिन्यांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, मुंबईत आले तेव्हा गावदेवीच्या मणिभवनात गेले, अभिप्रायाच्या वहीत गांधी हे साऱ्या जगाचे नायक आहेत अशा अर्थाचं लिहिलं, आणि दोन दिवसांनी दिल्लीत संसदेत म्हणाले की गांधी नसते तर कदाचित मी आज तुमच्यासमोर अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून उभा नसतो. दोन्ही वाक्यं मनापासूनची असतील. राजकारणी माणूस एकाच वेळी दोन गोष्टी मनापासून मानू शकतो, ती त्यांची खासियतच.

माझं मत असं की भाषण म्हणून ते उत्तम होतं, कुठल्याही युद्धशास्त्राच्या वर्गात शिकवावं असं. पण आल्फ्रेड नोबेलनं आपल्या मृत्युपत्रात जे लिहिलंय त्याच्याशी ते ताडून बघा. २७ नोव्हेंबर १८९५ च्या त्या मृत्युपत्रात शांततेच्या बक्षिसाबद्दल तीन गोष्टी आहेत : देशादेशांत बंधुभाव, खडं सैन्य रद्द करणं किंवा कमी करणं, आणि शांतता परिषदा भरवणं. आणि हे सगळं मागच्या एका वर्षात केलेलं असावं. त्या वर्षात अफगाणिस्तानातलं सैन्य वाढत होतं. यावर मी आणखी काही बोलायची गरज आहे का?

प्रश्न (पुणे, सदाशिव पेठ) : एमपीएससीची तयारी करतोय. अभ्यासिकेत डिबेट आहे, मला ओबामांच्या बाजूनं बोलायचंय. नोबेलनंतर त्यांनी काय काय केलं ते सांगाल का? पॉइंटवाइज दिलं तर बरं होईल.

पॉइंटवाइज नाही देणार, डिबेटमध्ये पाठ केलेले पॉइंट लगेच कळतात. पण माल देतो.

तुमचं सगळ्यात भक्कम हत्यार म्हणजे ८ एप्रिल २०१० ला प्रागमध्येच रशियाच्या मेदवेदेव यांच्याबरोबर झालेला न्यू स्टार्ट करार, दोघांनीही तैनात अण्वस्त्रं प्रत्येकी १,५५० वर आणायची, एकमेकांची तपासणी करू द्यायची. प्रागच्या भाषणाला वर्ष होतंय तोवर प्रागमध्येच सही, हे वाक्य डिबेटला चांगलं जाईल. मग इराणच्या अणुकार्यक्रमाला आवर घालणारा १४ जुलै २०१५ चा इराण करार, त्याच महिन्यात क्युबाशी राजनैतिक संबंध पुन्हा सुरू आणि मार्च २०१६ मध्ये स्वतः हवानाला गेले, पॅरिसचा हवामान करार, आणि मे २०१६ मध्ये हिरोशिमाला जाणारे पदावरचे पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. २०११ अखेर इराकमधून सैन्य परत. हे सगळं एकत्र मांडलं तर समितीचा अंदाज अगदीच चुकला नव्हता असं म्हणता येतं.

आता समोरची पार्टी काय फेकणार तेही ऐकून ठेवा, नाहीतर तिथे गप्प बसाल. पहिला बॉम्ब म्हणजे ड्रोन. त्यांच्याच सरकारनं जुलै २०१६ मध्ये आकडे दिले, २००९ ते २०१५ मध्ये अधिकृत युद्धक्षेत्राबाहेर ४७३ हल्ले, त्यात ६४ ते ११६ सामान्य नागरिक मेले. स्वतंत्रपणे मोजणाऱ्या संस्थांचे आकडे याच्यापेक्षा बरेच जास्त आहेत. दुसरं लीबिया, मार्च २०११ मध्ये बॉम्बफेक सुरू, गद्दाफी गेला आणि मागे देशच मोडला. इराकमधून सैन्य आणलं म्हणाल तर ते म्हणतील २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटविरुद्ध पुन्हा गेले की. ग्वांतानामो वर्षात बंद करणार होते, आले तेव्हा २४२ कैदी होते, गेले तेव्हा ४१, पण तुरुंग उघडाच. आणि आठही वर्षं, एकही दिवस अमेरिका युद्धाशिवाय नव्हती.

अण्वस्त्रांवर सगळ्यात जास्त तयारी करा, कारण नोबेल मुळात त्यावर आहे. अमेरिकेचा साठा सप्टेंबर २००९ मध्ये ५,११३ होता, २०१६ च्या सप्टेंबरात ४,०१८. कमी झाला, नाही कुठे. पण त्याच काळात उरलेल्या शस्त्रांच्या आधुनिकीकरणाचा पुढच्या तीस वर्षांचा अवाढव्य कार्यक्रम त्यांनी सुरू केला, न्यू स्टार्ट सिनेटमधून पास करून घेताना रिपब्लिकनांना हे द्यावं लागलं असं म्हणतात. म्हणजे अण्वस्त्रं कमी करायच्या कराराची किंमत अण्वस्त्रं नवी करून मोजली! आणि इराण करारातून ट्रम्प मे २०१८ मध्ये बाहेर पडले. त्यात ओबामांचा दोष किती हा वेगळा वाद, पण जे एका सहीनं होतं ते दुसऱ्याच्या एका सहीनं जातं हे लक्षात ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर "ते पात्र होते" असं बोललोच नसतो, "त्यांच्यापेक्षा कमी पात्र माणसांना मिळालंय" असं बोललो असतो. खाली अमेरिकेचे जुने परराष्ट्रमंत्री किसिंजर येतायत, वाचा.

प्रश्न (वर्धा) : ओबामाला मिळालं, गांधीजींना नाही. याहून मोठा पुरावा काय हवा की हे बक्षीस गोऱ्यांचं राजकारण आहे?

सेवाग्रामच्या इतक्या जवळून पत्र आलंय म्हणून राग समजतो, आणि ज्या ओबामांना मिळालं ते गोरे नाहीत हेही तुम्हीच बघा. पण गांधींची गोष्ट खरंच विचित्र आहे. १९३७, ३८, ३९ असं लागोपाठ नाव गेलं, मग १९४७ आणि १९४८ ला. ३७ साली समितीचे सल्लागार याकोब वोर्म-म्युलर यांनी अहवालात लिहिलं की हा माणूस कधी ख्रिस्तासारखा असतो आणि मग अचानक एक सामान्य राजकारणी होतो. १९४७ ला समितीतले दोन जण त्यांच्या बाजूचे होते, बाकीच्यांनी फाळणी आणि दंगलींच्या काळात कच खाल्ली. ४८ ला मुदत संपायच्या दोन दिवस आधी गांधींची हत्या झाली, आणि त्या वर्षी समितीनं "योग्य असा हयात उमेदवार नाही" म्हणून बक्षीस कुणालाच दिलं नाही. हे न देणंच त्यांचं प्रायश्चित्त मानतात काही लोक. १९८९ मध्ये दलाई लामांना देताना अध्यक्षांनी उघड म्हटलं की ही काही अंशी महात्मा गांधींच्या स्मृतीला आदरांजली आहे.

मला यात गोऱ्यांच्या कारस्थानापेक्षा भित्रेपणा जास्त दिसतो. १९४७ मध्ये नॉर्वेला ब्रिटनची मर्जी सांभाळायची होती असं बरेच जण म्हणतात, पण अभ्यासकांना कागदपत्रांत ब्रिटिश दबावाचा पुरावा सापडलेला नाही. जे सापडतं ते एवढंच की पाच माणसं धोका पत्करायला तयार नव्हती. गांधींच्या वेळी नको तितके सावध आणि ओबामांच्या वेळी नको तितके उत्साही.

प्रश्न (कोल्हापूर) : एकदा दिलेलं नोबेल काढून घेता येतं का? किसिंजरचं तरी काढून घ्यायला पाहिजे होतं.

नाही, नियमातच तरतूद नाही. किसिंजर यांनी उलट स्वतः परत करायचा प्रयत्न केला होता, १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर, पण समितीनं घेतलं नाही.

ती केस ओबामांपेक्षा कितीतरी वाईट. २७ जानेवारी १९७३ ला पॅरिसमध्ये व्हिएतनामचा करार झाला आणि दोनच दिवसांनी समितीच्याच एका सदस्यानं किसिंजर आणि उत्तर व्हिएतनामच्या बाजूनं वाटाघाटी करणारे ले डुक थो यांची नावं सुचवली, हे ५० वर्षांची गुप्तता संपल्यावर २०२३ मध्ये बाहेर आलं. ले डुक थो यांनी सरळ नाकारलं, शांतताच नाही तर बक्षीस कसलं. समितीतल्या दोघांनी राजीनामे दिले. निदर्शनांच्या भीतीनं किसिंजर ऑस्लोला गेलेच नाहीत, राजदूताला पाठवलं.

अलीकडचं उदाहरण इथिओपियाचे अबी अहमद. एरिट्रियाशी वीस वर्षांचं वैर मिटवलं म्हणून २०१९ मध्ये मिळालं, नोव्हेंबर २०२० मध्ये देशातल्याच तिग्रे प्रांतात युद्ध, आणि त्यात तोच एरिट्रिया त्यांच्या बाजूनं लढायला! जानेवारी २०२२ मध्ये समितीनं एक पत्रक काढून तुमच्यावर विशेष जबाबदारी आहे असं सुनावलं, त्याहून जास्त त्यांना काही करता येत नव्हतं. वर पुण्याच्या सरांना मी जे वसुलीबद्दल लिहिलंय ते हेच.

प्रश्न (कोल्हापूर, दुसरे) : पैशांचं काय केलं?

एक कोटी स्वीडिश क्रोनर, म्हणजे तेव्हाचे साधारण १४ लाख डॉलर, सगळे १० संस्थांना वाटून टाकले. सर्वात मोठा वाटा, अडीच लाख डॉलर, जखमी सैनिकांच्या कुटुंबांना राहायची सोय करणाऱ्या फिशर हाऊसला, मग दोन लाख हैतीच्या भूकंपग्रस्तांच्या निधीला, बाकी बरंचसं गरीब मुलांच्या कॉलेज शिक्षणासाठी. यावर वाद घालायला मला काही सापडलं नाही.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : २००८ मध्ये ओबामांना मत दिलं होतं आणि आजही पश्चात्ताप नाही. पण त्या सकाळी ऑफिसात सगळे हसत होते आणि मला त्यांची बाजू घेता येत नव्हती. त्यांनी नम्रपणे नाकारायला हवं होतं, असं तुम्हाला वाटतं का?

हो, वाटतं. पण का जमलं नाही तेही समजतं.

त्या सकाळी सहाच्या आत प्रेस सेक्रेटरीनं त्यांना उठवून सांगितलं. त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितलेला किस्सा असा की मोठी मुलगी आली आणि म्हणाली, डॅडी, तुम्हाला नोबेल मिळालं आणि आज बोचा वाढदिवस आहे, बो म्हणजे त्यांचा कुत्रा. धाकटी म्हणाली, शिवाय तीन दिवसांची सुट्टी आहे. त्याच दिवशी रोझ गार्डनमध्ये ते म्हणाले की या बक्षिसानं सन्मान झालेल्या इतक्या थोर माणसांच्या पंगतीत बसायला मी पात्र आहे असं मला वाटत नाही. आता हे वाक्य तोंडून गेल्यावर पुढचं वाक्य "म्हणून मी घेत नाही" असं यायला काय हरकत होती? ले डुक थो यांनी केलं होतं. त्यांनी केलं असतं तर पुढची आठ वर्षं, किंबहुना आजपर्यंत, ही थट्टा झाली नसती, आणि ट्रम्प यांच्या हातातलं एक आवडतं खेळणंही गेलं असतं.

पण नॉर्वे नाटोतला मित्र, बक्षीस त्यांच्या संसदेनं नेमलेल्या समितीचं, अध्यक्ष यागलांड त्यांचे माजी पंतप्रधान. नकार म्हणजे सगळ्यांसमोर तोंडावर दार आपटणं झालं असतं, आणि जो माणूस जगाशी गोड बोलणार म्हणूनच बक्षीस मिळालं त्यानं पहिलंच काम हे करायचं! अडकले बिचारे.

समितीचे अनेक वर्षांचे सचिव गेइर लुंडेस्टाड यांनी २०१५ मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं त्यात कबूल केलंय की ओबामांना देऊन समितीला जे साधायचं होतं ते साधलं नाही. त्यांनीच हेही सांगितलं की व्हाइट हाऊसच्या लोकांनी चौकशी केली होती, पदक घ्यायला न आलेले विजेते कधी झालेत का? झालेत, पण बहुतेक असे की ज्यांना त्यांच्या सरकारनं देशाबाहेर पडू दिलं नव्हतं. ते उत्तर ऐकून व्हाइट हाऊसला कळून चुकलं की जावंच लागणार. गेले, जेमतेम एक दिवस राहिले, आणि राजेसाहेबांबरोबरचं ठरलेलं जेवण टाळून परत निघाले, त्यावरून नॉर्वेच्या पेपरांनी त्यांना पुन्हा झोडपलं ते वेगळंच.